पाहुण्याचं मृत्युपत्र

लग्नाला सोळा वर्षं झाली तोवर माझ्या नवऱ्याने माझ्यावर हात उगारला नव्हता. आमच्या देवबाग गावात हे सांगण्यासारखं आहे, म्हणून सांगते. तो जाळ्यात अडकलेला समुद्रसापसुद्धा मारत नसे, काठीने उचलून परत पाण्यात सोडून देई. त्याच माणसाने एका पावसाळ्याच्या आत आपल्या सख्ख्या भावाचं डोकं फोडलं, माझा गळा धरला, आणि मीही त्याचं हाड मोडलं. आणि या सगळ्याची सुरुवात एका ईमेलपासून झाली.

आमचा होमस्टे आहे. तीन खोल्या, पुढे समुद्र, मागे माडांपलीकडे खाडी. नवरा आणि धाकटा दीर यांची सामायिक होडी. पर्यटकांच्या हंगामात ती डॉल्फिन दाखवायला जाते, एरवी मासेमारीला. त्या ईमेलच्या चार वर्षं आधी आमच्याकडे हॉलंडचा एक म्हातारा अकरा दिवस राहिला होता. बायको वारलेली, एकटाच आलेला. माझी बांगड्याची तिरफळ घातलेली कढी तो हाताने खायचा आणि बोटं चाटायचा. एके दिवशी खडकावर त्याचा पाय कापला, तर नवऱ्याने त्याला पाठीवर घेऊन वाळूतून रिक्षापर्यंत नेलं. जाताना म्हातारा रडला होता. मग तो गेला, आणि आम्हीही त्याला विसरलो.

मेच्या शेवटी, होड्या वर ओढायच्या दिवसांत, नवरा फोन घेऊन स्वयंपाकघरात आला. डोळे लाल.

"गो, आमचो हॉलंडचो म्हातारो गेलो."

"गेलो म्हणजे?"

"मेलो. पण मरताना आमची आठवण ठेवल्यान."

ईमेल कुणा वकिलाचं होतं. नवऱ्याला इंग्रजी जेमतेम, त्याने फोनवरच भाषांतर करून वाचलं होतं. मी बारावीपर्यंत शिकलेली, मी मूळ वाचलं. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रात त्याने भारतातल्या समुद्रकाठच्या एका कुटुंबासाठी रक्कम ठेवली होती: 'ज्या माणसाने मला पाठीवर वाहून नेलं आणि ज्याच्या बायकोने मला हाताने जेवायला शिकवलं, त्यांच्यासाठी.' कढीचा उल्लेख होता. आमच्या कुत्रीचं नावसुद्धा होतं.

खोटं कशाला बोलू, मीही रडले. दोन दिवस मीही त्यावर विश्वास ठेवला. आम्ही म्हाताऱ्यासाठी देवापुढे दिवा लावला.

तिसऱ्या दिवशी दुसरं ईमेल आलं. पैसे सुटायच्या आधी तिथल्या कोर्टाची फी भरायची होती. चार दिवसांत. आणि कुणालाही सांगायचं नाही, कारण दुसरे वारसदार उभे राहतील. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. फी ज्या खात्यात भरायची ते आपल्याच देशातल्या कुठल्यातरी बाईच्या नावावर होतं.

"ओ," मी म्हटलं, "हॉलंडच्या कोर्टाची फी आणि खाता हयच्या बायलमाणसाच्या नावार? कित्याक?"

"ती तेंची एजंट आसा."

"आणि तेंका पैसे देवचेच आसत, तर फी तेतूरसूनच कापून घेवक काय झाला?"

त्याने फक्त इतकं म्हटलं, "कुत्रेचा नाव तेंका कोणी सांगल्यान मगे?" आणि त्याने फी भरली.

मग कर आला. मग कुठलंसं प्रमाणपत्र आलं, की हा पैसा दहशतवाद्यांचा नाही. एका ईमेलात सुरुवातीला आमच्या नावाऐवजी भलत्याच कुणा माणसाचं नाव होतं. मी ते बोटाने दाखवलं. "ह्यां बघा. ह्याच पत्र तेनी आणि कोणाक तरी धाडल्यानी आसा. नाव बदलूक इसारले."

तेव्हा त्याने मला मारलं. उघड्या हाताने, कानावर. भिंतीला टेकून मी खाली बसले. कानात बराच वेळ एकच आवाज वाजत राहिला. मला दुखलं त्यापेक्षा नवल जास्त वाटलं. तो माझ्याकडे न बघता फोन उचलून बाहेर गेला. आता कळतं, मी त्याला चूक दाखवत नव्हते, त्याच्याकडून म्हातारा हिसकावून घेत होते. जगात कुणीतरी आपली किंमत केली, या एका गोष्टीला तो धरून बसला होता. पण हे कळल्याने कान बरा झाला नाही. अजूनही उजव्या बाजूने मला कमी ऐकू येतं.

ऑगस्टमध्ये समुद्र उघडला. नारळी पौर्णिमा झाली आणि तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या उन्हात, दीर होडीकडे आला. मी अंगणात सुकी मासळी पसरत होते.

"दादा, इंजिन खंय आसा?"

"दुरुस्तीक दिलंय. कुडाळाक."

"कुडाळाक?" दीर जवळ आला. "तारकर्लेक आपला इंजिन दुसऱ्याच्या होडयेर बघून इलंय मी. तेच्यार माझ्या हाताची खूण आसा. इकलंस?"

मला तेव्हाच कळलं की इंजिन विकलं आहे. त्यात अर्धा वाटा दिराचा होता.

"कोणाक दिलंस पैसे? त्या मेलेल्या गोऱ्याक? सगळो गाव हसता तुका, ठावक आसा? शिरा पडो त्या गोऱ्याच्या मड्यार!"

नवऱ्याने होडीतलं वल्हं उचललं. मी ओरडले. दिराने हात वर केला, पण वल्ह्याचा पहिला घाव मनगटावर आणि दुसरा डोक्यात बसला. लाकूड हाडावर बसतं तो आवाज नारळ फोडल्यासारखा नसतो. बोदा असतो, ओल्या वाळूवर काही आपटल्यासारखा. दीर गुडघ्यावर आला. रक्त आधी दिसलं नाही, मग एकदम कपाळावरून डोळ्यात उतरलं. तरी त्याने भावाचे पाय ओढले, दोघे वाळूत पडले, आणि एकमेकांना चावत, ओरबाडत, नाकातोंडात वाळू कोंबत राहिले. आमच्या मधल्या खोलीतले पर्यटक बाहेर येऊन बघत होते. एक जण फोनवर चित्रण करत होता. शेवटी शेजारचे चौघे धावले, तेव्हा कुठे ते वेगळे झाले.

मालवणच्या दवाखान्यात दिराच्या डोक्याला नऊ टाके पडले. डॉक्टरांनी कसं लागलं विचारलं. दीर माझ्याकडे बघत, शाळेत उत्तर द्यावं तशा मराठीत म्हणाला, "होडीत पाय घसरून पडलो." बाहेर आल्यावर मात्र तो मला म्हणाला, "वयनी, आज पोलिसांक सांगूक नाय. पण तो माका मेलो." त्याने होडी स्वतःकडे ठेवली, आणि माणूस तोडला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी मी ठरवलं की कुत्रीचं नाव त्यांना कळलं कसं, हे शोधायचं. फार वेळ लागला नाही, याची अजून लाज वाटते. पर्यटकांच्या एका संकेतस्थळावर म्हाताऱ्याने आमच्याबद्दल लिहिलं होतं. पाठीवर वाहून नेल्याचं, कढीचं, हाताने खाण्याचं, कुत्रीचं नाव घेऊन तिचं कौतुक. एकटेपणाचंही. खाली आमच्या होमस्टेचा ईमेल पत्ता. सगळं चार वर्षं उघड्यावर पडलेलं. कुणीतरी ते वाचलं होतं, आणि त्यात फक्त एक मरण घातलं होतं.

मी ते नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "मगे? खराच ता. तेना लिवल्यान म्हणजे तेका आमची आठवण होती."

त्यावर एकच उपाय उरला होता. परदेशी पाहुणा आला की पोलिसांसाठी फॉर्म भरावा लागतो. त्याची प्रत आम्ही ठेवतो. कपाटातल्या फायलीत म्हाताऱ्याचा फॉर्म सापडला, त्यावर त्याच्या घरचा फोन. दुपारी जेवणं झाल्यावर मी नवऱ्याला समोर बसवलं, फोन मोठ्या आवाजावर केला आणि नंबर लावला.

तिकडे बराच वेळ वाजत राहिला. मग एका म्हाताऱ्या माणसाने उचलला. मी मोडक्या इंग्रजीत आम्ही कोण ते सांगितलं. पलीकडून चार वर्षांपूर्वीचा तोच खोकल्यासारखा हसण्याचा आवाज. त्याने आधी विचारलं, मला पाठीवर नेणारा तो धट्टाकट्टा माणूस कसा आहे? मी विचारलं, तुम्ही बरे आहात ना? तो म्हणाला, गुडघे सोडले तर बरा आहे. मृत्युपत्राचं विचारल्यावर तो पुन्हा हसला. म्हणाला, मी मेलो असतो तर निदान मला तरी कुणी सांगितलं असतं.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल, एक चांगला माणूस जिवंत आहे.

"तो न्हय हो," तो म्हणाला.

"ओ, आवाज ऐकलात ना?"

"तो मेलो! तो मेलो म्हणान सांगतंय ना!" त्याने फोन माझ्या हातातून ओढला आणि पाट्यावर आपटला. वरवंट्याने ठेचला. पलीकडचा माणूस अजून इंग्रजीत काहीतरी विचारत होता, तो आवाज मध्येच तुटला. मग नवऱ्याने माझा गळा धरला. दोन्ही हातांनी. तोंडाने एकच म्हणत होता, "कित्याक फोन लावलंस, कित्याक लावलंस." एखादा माणूस जिवंत आहे म्हणून आपल्या बायकोचा जीव घ्यायला निघालेला माणूस मी जवळून पाहिला आहे. त्याच्या डोळ्यांत मी नव्हतेच. त्याने पाठवलेला प्रत्येक पैसा, ते इंजिन, भावाचं रक्त, सगळं त्या एका मरणावर उभं होतं, आणि मी ते मरण खोटं ठरवलं होतं.

माझ्या हाताला बसायचा लाकडी पाट लागला. मी तो कडेने धरून मारला. एकदा मारल्यावर तो सुटला होता, तरी मी दुसऱ्यांदा मारला. हे कबूल करायला हवं. दुसरा घाव जीव वाचवायला नव्हता. त्या घावाने त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तो चुलीशी पडला आणि लहान मुलासारखा आवाज काढायला लागला, आणि मी त्याच्याकडे बघत पाट धरून उभी राहिले, अजून एक मारायला तयार.

मीच त्याला दवाखान्यात नेलं. मग कपडे भरले आणि धामापूरला बहिणीकडे निघून गेले. बहीण म्हणाली, "परत जावचा नाय. गळ्यार वळ बघ तुझ्या." तीन आठवडे मी तिच्याकडे होते. तलावाकाठच्या देवळात जाऊन बसायचे आणि पायरीवर कुणी जोरात पाऊल टाकलं तरी दचकायचे.

त्या दिवसांत ईमेलांचा सूर बदलला. नवऱ्याने पुढचे पैसे भरले नव्हते, कारण भरायला काही उरलं नव्हतं. मग हिंदीत फोन आला. आपण मोठे अधिकारी आहोत, तुम्ही परदेशी पैशाचा गुन्हा केला आहे, दंड भरा, नाहीतर उद्या हातकडी घालून गावातून फिरवू. तुझ्या बायकोला उचलू. नवऱ्याने हात गळ्यात बांधलेला असताना, रिक्षाने, धामापूरला येऊन मला हे सांगितलं. अंगणाबाहेर उभा राहून. आत ये असं कुणीच म्हटलं नाही.

"माका भिया वाटता," तो म्हणाला. "तू सांग काय करू."

मी म्हटलं, "पोलिसात जावया. तेंच्या न्हय, आपल्या."

पोलीस ठाण्यातल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं. आमची मराठी कचेरीत गेल्यावर बदलते, तशी त्याचीही बदलायला हवी होती, पण त्याला जमेना. दर वाक्याला तो अडखळे आणि माझ्याकडे बघे. बाईंनी विचारलं, "संशय केव्हा आला?" तो म्हणाला, "हिका पयल्याच आठवड्यात इलो होतो. माका येवक नको होतो." बाईंनी तेही लिहून घेतलं. म्हणाल्या, जेवढ्या लवकर आला असता तेवढी आशा होती. पैसे परत आले नाहीत.

मी घरी परतले, पण लगेच नाही, आणि अटीवर. कोयता, वल्ही, सगळं दिराच्या घरी जाईल. स्वयंपाकघराला आतून कडी बसेल. मी माफ केलं का? ते मला अजून माहीत नाही. त्याचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. दुसऱ्यांच्या होडीवर जाळं ओढताना तो ओठ चावतो, तेव्हा मला वाईटही वाटतं आणि त्या दुसऱ्या घावाचं समाधानही वाटतं. दोन्ही खरं आहे.

दीर दीड वर्ष आमच्या उंबऱ्यावर आला नाही. गेल्या मार्चमध्ये एका संध्याकाळी आला, तो माझ्याशी बोलायला. कपाळावरची खूण केसांत शिरलेली. "वयनी, जरा ह्यां बघ," म्हणून फोन पुढे केला. परदेशी जहाजावर नोकरी. निवड झाली आहे, मुलाखत नाही, वैद्यकीय तपासणीची फी आधी भरा, दोन दिवसांत.

मी मराठीत करून मोठ्याने वाचत होते, ते मागे उभ्या नवऱ्याने ऐकलं. तो भावाकडे न बघता म्हणाला, "तेंका लिव, फी माझ्या पयल्या पगारातसून कापा."

दिराने तसंच लिहिलं, मी इंग्रजी करून दिलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं. हिंदीत आई-बहिणीवरून शिवी होती, बाकी काही नाही.

"मिळाली नोकरी," नवरा म्हणाला.

दीर हसला नाही. फोन खिशात घातला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि निघाला. दाराशी थांबून भिंतीकडे बघत म्हणाला, "फाल्या सकाळी पाचाक होडी काडतंय. एक माणूस कमी आसा." नवऱ्याने 'येतंय' म्हटलं की नाही, मला उजव्या कानाने ऐकू आलं नाही. पहाटे उठले तेव्हा तो अंथरुणात नव्हता.