चपला हातात अन् देवापुढं लाज

बायांनो, पाथरीहून लेकाकडं जपानला आलेय. आज त्यानं इथला जुना किल्ला दाखवला. लय राग आलाय, म्हणून लिहायलेय.

दारातच चपला काढायला लावल्या. मला वाटलं, आत देव असणार. आपल्याकडं गडावर देवी असतेच की. पण चपला पिशवीत घालून हातात धरायच्या होत्या. हे कसलं सोवळं?

वरच्या मजल्यावर खरंच एक छोटं देवघर होतं. मी पिशवी सुनेकडं दिली अन् हात जोडले. लेक हळूच म्हणला, "आई, बास कर. लोक बघायलेत."

तेव्हापासून त्याच्याशी अबोला धरलाय. चपला हातात घेऊन देवापुढं उभं राहायची त्याला लाज वाटली नाही. आईनं हात जोडले, त्याची वाटली.

तुमी बोलला असता का त्याच्याशी?