पाच गिगाहर्ट्झपर्यंत

माणसाने वेगावर अखेर विजय मिळवला, हे मला लोणावळ्यातल्या एका लॅपटॉपच्या दुकानात समजलं. भिंतीवर पाटी होती: 'पाच गिगाहर्ट्झपर्यंत!' त्यातला 'पाच' हाताएवढा होता, 'पर्यंत' मुंगीएवढं. आमचा प्लंबर 'दुपारपर्यंत येतो' म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ आम्हाला बरोबर कळतो. दुकानात मात्र आम्हा नवराबायकोचं मराठी कच्चं निघालं.

बायकोने नोकरी सोडून घरबसल्या घरांचे आराखडे करायचं ठरवलं होतं. पहिलं गिऱ्हाईक वलवणच्या एक मावशी. त्यांना दुमजली घर बांधायचं होतं. संगणकावरचं चित्र आवडलं तर काम हिला, नाहीतर त्यांच्या भाच्याच्या ओळखीतल्या कुणाला.

दिवस पावसाळ्याचे. या दिवसांत लोणावळ्यात कपड्यांच्या कपाटात विजेचा दिवा जळत ठेवतात, नाहीतर साड्यांना बुरशी येते. नवा लॅपटॉप आम्ही त्याच कपाटात, सगळ्यात उबदार कप्प्यात जपला होता. मावशी आल्यावर बाहेर काढला, तर हाताला ताज्या भाकरीसारखा लागला.

पडद्यावर चित्र वरून खाली उमटायला लागलं. गच्ची आली, आणि आतला पंखा घरघरू लागला.

"गिरण हाय का काय ही?" मावशी म्हणाल्या.

"नवा आहे, मावशी. खूप फास्ट," बायको म्हणाली.

"व्हय, आवाजावरनं कळतंय."

मी आत जाऊन दुकानदाराला फोन लावला.

"पाच असतंच, सर. पण थंड असताना, सुरुवातीला थोडा वेळ. तापला की तो जरा दमानं घेतो."

"मग सुरुवातीनंतर किती?"

"ते पाटीवर नसतं, सर."

बाहेर आलो तर वरच्या मजल्याची अर्धी खिडकी उमटली होती आणि मावशी पिशवी उचलून उठत होत्या. "भाच्याला इचारते मग," त्या म्हणाल्या.

"बसा हो, चहा टाकलाय," म्हणत बायकोने समोर पडलेली कुणाची तरी लग्नपत्रिका उलटी केली आणि पेन्सिलीने घर काढायला घेतलं. मावशी वाकल्या.

"जिना हितं नगं गं! वरचं भाड्यानं द्यायचंय. भाडेकरू काय माज्या सैपाकघरातनं वर जानार?"

"मग बाहेरून काढू?"

"आन हिकडं ती पेन्सिल."

चहा निवला तरी दोघी भांडत होत्या. जाताना मावशी म्हणाल्या, "घर तूच काढ. भाच्याला मी सांगते काय ते."

लॅपटॉपवरचं चित्र संध्याकाळी पूर्ण झालं. सुरेख होतं. त्यात जिना स्वयंपाकघरातून वर जात होता.