पत्रं लिहिणारे स्वयंसेवक

आमच्या शहराबाहेर, कुंडमकडच्या एका हिंदी बोलणाऱ्या खेड्यातली पाच माणसं मिलिटरी हॉस्पिटलच्या फाटकाशी येऊन बसली होती. मुलाचं प्रेत न्यायला आली होती. मुलगा आत वॉर्डात, पाय प्लास्टरमध्ये घालून, वरणभात खात होता.

मेट्रनने मला बोलावून घेतलं, कारण चूक माझी होती.

एकाहत्तरची लढाई चालू होती. मी कॉलेजचा लायब्रेरियन. विद्यार्थी स्वयंसेवकांना कामं वाटून देणं प्रिन्सिपॉलनी माझ्याकडे सोपवलं, कारण माझ्याकडे कार्डं होती. लायब्ररीत प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड असतं. विषय, नंबर, कपाट. मी मुलांचीही तशीच कार्डं केली. शेवटचा रकाना ‘विशेष गुण’.

अविनाश वक्तृत्वात पहिला. त्याला जखमी जवानांची पत्रं लिहायला पाठवलं. शैला ही फॅक्टरीतल्या एका फोरमनची मुलगी. तिचा भाऊ फौजेत होता आणि त्याचं पत्र बरेच दिवस आलं नव्हतं. पत्रं लिहिण्याचंच काम मागायला ती तीनदा आली. तिच्या कार्डावर मी ‘अबोल’ लिहिलं होतं. तिला हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये बँडेजच्या पट्ट्या गुंडाळायला बसवलं.

“मला काहून नाही देत, सर?”

“तिथे बोलावं लागतं,” मी म्हणालो. मी स्वतः दिवसाला दहा वाक्यंही बोलत नसे, हे तेव्हा सुचलं नाही.

वॉर्डातल्या त्या जवानाने अविनाशला सांगितलं होतं, पाय मोडलाय, बाकी ठीक आहे. त्याला ते फारच किरकोळ वाटलं. त्याने लिहिलं, ‘मातृभूमि के चरणों में आपके लाल ने अपना सर्वस्व अर्पित कर दिया.’ गावच्या मास्तरांनी पत्र वाचलं आणि आधी तेच रडले. मग घर. आईने तेव्हापासून अन्न सोडलं होतं.

मुलाला पाहून बापाने आधी त्याचं प्लास्टर चाचपलं. मग म्हणाला, मी जाऊन सांगितलं तरी याची आई मानणार नाही. “अब वो काग़ज़ की ही मानेगी.”

अविनाश तत्परतेने पेन काढून पुढे झाला.

“भैया, आप रहने दो,” म्हातारा म्हणाला.

चूक करणारे आम्ही दोघं सोडून पेन धरणारं जवळ कोणी नव्हतं, म्हणून मेट्रनने स्टोअरमधून शैलाला बोलावलं. ती खाटेशी बसली. जवान एक वाक्य बोले, ती लिही आणि लगेच वाचून दाखवी. शेवटी तिने आपल्या मनाने एकच ओळ घातली, ‘चिंता मत करना.’ तीही वाचून दाखवली.

“वो काट दो, दीदी,” जवान म्हणाला. “अम्मा समझेगी, कुछ छुपा रहे हैं.”

तिने काटली. पत्र तीन ओळींचं झालं. दोन दिवसांनी बसच्या कंडक्टरबरोबर बापाचा निरोप आला, आई जेवली.

अविनाशला मी स्टेशनवर, फौजी गाड्यांच्या स्वागताला लावलं. तिथे भाषण संपण्याआधी गाडी सुटते. शैला युद्ध संपल्यावरही पत्रं लिहीत राहिली. भावाचं पत्र मात्र आलं नाही, तार आली. ‘विशेष गुण’ हा रकाना मी पुढच्या कार्डांवर ठेवला नाही.

शैला गेल्या महिन्यात गेली. शोकसभेत बोलायला मला सांगितलं होतं. मी दोन पानं लिहिली आणि आधी तिच्या मुलीला वाचून दाखवली. तिने दीड पान काढायला लावलं.