शकूताईची उदबत्ती

माझी थोरली बहीण शकूताई रोज सकाळी कारखान्यात उदबत्ती घेऊन फिरायची. एका हातात पेटलेली उदबत्ती, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला तांब्या, पदर कमरेला खोचलेला. करवतीपाशी थांबायची, रंदा मशीनपाशी वाकायची, पॉलिशपेपरच्या पट्ट्याभोवती उदबत्ती हळूहळू फिरवायची. नवं गिऱ्हाईक असलं तर दारातच चपला काढून हात जोडायचं. एक गृहस्थ तर प्रसादासाठी थांबले होते. ताई म्हणाली, "काका, देव घरी आहे. इथं मी हवा बघतेय." मशीनच्या तोंडाशी बसवलेल्या पत्र्याच्या नरसाळ्यात धूर सरळ ओढला गेला, की ताई खूश. धूर वर रेंगाळला, की ते मशीन दुरुस्त होईपर्यंत बंद. आणि तांब्या अशासाठी, की लाकडाच्या कारखान्यात विस्तवावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. फिरणं संपलं, की उदबत्ती त्यात बुडवून मगच मशीनचं बटण.

ताईला जाऊन दोन वर्षं झाली. माणूस गेलं की त्याचा हेवा संपतो म्हणतात. माझा संपला नाही. तिच्या तेराव्याला मांडव पुरला नाही आणि बाहेर रस्त्यावर सतरंज्या घालाव्या लागल्या, तेव्हाही वाढता वाढता माझ्या मनात आलं, की माझ्या वेळेला एवढी माणसं काही यायची नाहीत.

बुऱ्हाणपुरात आमचे लाकडाचे दोन कारखाने. एक अप्पांचा, गावातला, जो मुलगा म्हणून माझ्याकडे आला. दुसरा भावजींचा, बहादरपूर रस्त्यावरचा. भावजींचा जीव मापं घेण्यात आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारण्यात, त्यामुळे आतला कारभार ताईचा. दोन्हीकडे तेच काम, दरवाजे, चौकटी, लग्नाचे दिवाण आणि कपाटं. फरक एवढाच, की माझ्याकडे पंचविशीचा कारागीर संध्याकाळपर्यंत साठीचा दिसायचा. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यांवर पीठ. ताईकडची माणसं सकाळी आली तशीच घरी जायची. माझा जुना कारागीर युनूसभाई एकदा तिकडे चौकट पोचवून आला आणि मला ऐकवू लागला, "शेठ, ताईकडं नाक साफ राहतं. मी तर दिवसभर शिंकलोच नाही. जरा अजीबच वाटलं."

ताईची पद्धत साधी होती, पण तिच्या तोंडून ऐकावी लागे. "धूळ उडाल्यावर तिच्या मागं पळायचं नसतं रे वसंता. जिथं जन्मते तिथंच धरायची." म्हणून प्रत्येक मशीनच्या पात्याला चिकटून एक नरसाळं, नरसाळ्यातून एक पाईप, सगळे पाईप एका मोठ्या पाईपात, आणि टोकाला बाहेर हवा ओढणारा ब्लोअर आणि भुसा साठवायचा ड्रम. कुणी विचारलं तर ती आपल्या कुंडी भंडाऱ्याचं, गावाला पाणी देणाऱ्या जुन्या भुयारी वाटेचं, उदाहरण द्यायची. आत एकच वाट, वर जागोजागी कुंड्या. "फक्त तिथं पाणी धावतं, इथं भुसा धावतो. आणि जी कुंडी चालू नाही तिची झडप बंद ठेवा, नाहीतर सगळ्यांचीच ओढ कमी होते." झाडूला तिच्या कारखान्यात बंदी होती. झाडूने धूळ पुन्हा हवेत जाते म्हणून जमीनसुद्धा नळीनेच ओढून घ्यायची. आणि हवेचा पाईप अंगावर मारून कपडे झटकणारा दिसला, तर भर कारखान्यात त्याचा उद्धार व्हायचा. "भुसा दिसतो, त्याची भीती नाही. मैद्यासारखं बारीक असतं ना, ते छातीत घर करतं."

हे सगळं मी लांबून ऐकत होतो आणि माझं बरं चाललं होतं. मग अप्पांची छाती भरली.

आयुष्यभर सागवान कापलेला माणूस. डॉक्टरांनी सांगितलं, धुळीत जायचं नाही. पण करवतीचा आवाज कानावर पडल्याशिवाय अप्पांना घास उतरायचा नाही. माझ्याकडे येऊन बसले, की पाच मिनिटांत खोकल्याची उबळ. रिक्षात घालून घरी न्यावं लागे. घरी बसले, की भिंतीकडे बघत राहायचे. एक दिवस भावजी त्यांना स्कूटरवर बसवून बहादरपूर रस्त्यावर घेऊन गेले. अप्पा संध्याकाळी परत आले. दिवसभर करवतीशेजारी बसले होते, आणि खोकला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तोच नेम झाला. आणि रात्री जेवताना माझ्या पानात भाजीबरोबर शकू वाढली जाऊ लागली. "शकूकडं आज शिसम आलं होतं." "शकूनं तो पाईप सरळ करून घेतला, मस्त ओढतो आता." माझ्या कारखान्यात काय चाललंय, हे अप्पांनी विचारणंच सोडलं. माझी बायको सुनंदा पोळी वाढता वाढता म्हणायची, "तुम्ही बी बसवा की नळ्या, मंग तुमचंही नाव निघेल जेवणात." मी दुसरी पोळी घेत नसे. ती समजून आग्रह करायची नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची होती. अप्पा जुन्या वळणाचे. मुलीच्या दारचं पाणीही प्यायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे रोज सकाळी सुनंदा त्यांच्यासोबत पाण्याची बाटली द्यायची आणि संध्याकाळी ती रिकामी परत यायची. माणूस तिकडचा झाला असेल, पण तहान अजून आमची आहे, असं मी मनाशी म्हणत असे. रिकामी बाटली पाहून एवढा आनंद होणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. एका संध्याकाळी सुनंदाने बाटली उचलली आणि म्हणाली, "अहो, ही तर भरलेलीच आहे."

ती हसली. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि सकाळी मी बाजारातून सगळ्यात मोठा एक्झॉस्ट पंखा घेऊन आलो.

पंखा मागच्या भिंतीत बसवला. चालू केला तर काय जोर! धूळ सरळ बाहेर. युनूसभाईने नाकाला हात लावून पाहिला, म्हणाला, "शेठ, कमाल." मी ठरवूनच टाकलं, की उद्या अप्पांना इकडेच आणायचं. फक्त भिंतीमागे कमलकाकांची केळीच्या वेफर्सची भट्टी आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पंख्याचं तोंड थेट त्यांच्या कढईवर. त्या दिवशीच्या सगळ्या वेफर्सवर सागवानाचं पीठ बसलं. कमलकाका माझ्याकडे भांडायला आले असते तरी चाललं असतं. ते ताईकडे गेले. सगळं गाव तिलाच शहाणं समजत होतं, कमलकाका तरी वेगळे कसे असणार!

ताई आली ती मूठभर वेफर्स घेऊनच. एक माझ्यापुढे केला. "खा. तुझाच माल आहे." मी खाल्ला. खरोखर दिवाणाची चव येत होती. "पंख्यानं धूळ जात नाही वसंता, नुसतं गाव बदलते. तुझ्या कारागिरांच्या नाकातून निघाली आन् कमलकाकांच्या कढईत गेली." मी म्हटलं, कारागिरांना रुमाल बांधायला सांगतो. "रुमाल बघून धूळ लाजते का रे?" मग तिने पिशवीतून उदबत्ती काढली आणि युनूसभाईला म्हणाली, "भाई, एक तांब्या पाणी आणा. आणि सगळी मशीनं बंद."

पुढचा आठवडा ती माझ्याकडेच होती. शिडीवर चढून पत्रा वाकवून घेत होती, पाईपाची वळणं काढत होती. "जितकी वळणं तितकी ओढ मरते. सरळ ने, आडवा-तिडवा काय काढतोस, जावई आहे का तो?" युनूसभाई तिची पान-सुपारी स्वतः आणत होता. माझी चहाची कपबशीसुद्धा आता तिच्यानंतर भरली जायची. कारखाना माझा होता आणि मी शिडी धरून उभा होतो.

तेव्हा मी तिला विचारलं, "ताई, इथली हवा साफ झाली की अप्पा इकडंच बसतील. तुझ्याकडं येणार नाहीत."

"मंग? त्यांच्यासाठी तुझ्या माणसांना भुसा खाऊ घालू का?" तिने स्क्रू आवळला. मग खाली न बघताच म्हणाली, "लहानपणी अप्पांचा डबा मी आणायची, आठवतं? अप्पा दारातच डबा घ्यायचे. म्हणायचे, धूळ आहे पोरी, आत येऊ नको. आणि तू आत भुशाच्या ढिगावर लोळत असायचास. असा राग यायचा तुझा! वाटायचं, डबा तुझ्या डोक्यातच घालावा."

"मला काय माहीत," मी म्हटलं.

"तुला कशाला माहीत असेल? तू आत होतास. मी त्या दारात उभी राहून ठरवलं होतं, धूळ आहे म्हणून येऊ देत नाहीत ना, मग धूळच नको." आणि लगेच, "शिडी नीट धर. हेव्याच्या भरात पाडशील मला."

म्हणजे तिला माहीत होतं. शिवाय मी इतकी वर्षं जपलेल्या हेव्यातही ती माझ्याहून थोरली निघाली.

काम झालं. अप्पांना मी स्वतः घेऊन आलो, करवतीजवळ त्यांची खुर्ची मांडली. ब्लोअर लावला, करवत लावली, सागवानाची फळी पात्यावर घेतली. माझं लक्ष फळीवर कमी आणि अप्पांच्या छातीवर जास्त. पाच मिनिटं गेली. दहा गेली. उबळ आली नाही. अप्पा वर छताकडे बघत होते. पत्र्याच्या भोकातून करवतीवर उन्हाचा, धुळीने भरलेला एक जाडजूड खांब उतरायचा, तो कुठे दिसत नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, आणि मी छाती काढून वाट बघू लागलो, की आता ते माझं नाव घेतील.

तेवढ्यात ताई आली. आठवडाभर तिने या कारखान्यात पत्रा ठोकला होता, पण अप्पा आत बसलेले दिसले आणि तिचे पाय उंबऱ्याशीच थांबले. तिच्याही लक्षात आलं नसावं. ती चौकटीला हात लावून उभी राहिली आणि तिथूनच नरसाळ्याकडे, पाईपाकडे, खुर्चीकडे बघू लागली.

अप्पांनी मला करवत बंद करायची खूण केली. मी बंद केली. ते खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले, स्वतःच्या पायांनी दारापर्यंत गेले आणि तिचा हात धरून म्हणाले, "बाहेर काय उभी राहिलीस पोरी? ये, आत ये."

ताई आत आली. तिचे डोळे भरले होते, आणि ते धुळीने म्हणायची सोय नव्हती.

मी करवतीशी उभा होतो. या कारखान्यात मी रांगायला लागल्यापासून आहे. ती दोन पावलं तिने कशी टाकली ते मी नीट पाहिलं, आणि तिचा मला जितका हेवा वाटला तितका आयुष्यात कधी वाटला नव्हता. मला कुणी कधी असं आत बोलावलेलं नाही.