धाकटीचा माळ

परवा अकोल्याहून अमरावतीला परतताना एसटीत माझ्या समोरच्या बाकावर एक मुलगी बसली होती. कानांवर मोठे काळे हेडफोन, डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. खिडकीबाहेर मूर्तिजापूरकडची कपाशी फुटून पांढरी झाली होती, ओच्यात कापूस भरणाऱ्या बायका मागे सरकत होत्या, आणि ह्या मुलीला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. ती गाणं ऐकत असणार. पण तिच्या कपाळावरची ती बारीकशी आठी पाहिली आणि मला माझी धाकटी बहीण आठवली. धाकटी अशीच बसायची, आमच्या दोन खोल्यांच्या घरात, जेवणाचं ताट निवत ठेवून. तिच्या कानांत मात्र गाणं नसायचं. पातूरजवळच्या एका माळावरची सकाळ असायची.

आमचे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. शिकायचं आणि नोकरीला लागायचं, ह्यापलीकडे आमच्या घराला दुसरी वाट ठाऊक नव्हती. मी शिक्षिका झाले आणि त्या वाटेनं गेले. धाकटीनं मात्र प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं आणि पुढच्या संशोधनासाठी विषय निवडला तो आवाजांचा. माळावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र लावून ठेवायचं, उजाडतानाचे सगळे आवाज टिपायचे, मग ते पुन्हा पुन्हा ऐकून त्यात कोण कोण बोलतंय ते ओळखायचं. वर्षामागून वर्ष असं केलं की माळावरचं जगणं भरतंय की ओसरतंय ते समजतं, असं ती सांगायची. आई म्हणायची, बँकेची परीक्षा दे. बाबा म्हणाले, "शिकून राहिली नं? मंग शिकू दे. पाखराचं शिको का इंजिनाचं." त्यांनी पत्र्याचा एक डबा कापून, रबर लावून, पाऊस आत शिरणार नाही असं घर त्या यंत्राला करून दिलं.

ती आमच्या वऱ्हाडाची वाईट वर्षं होती. कोणा शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी असेल म्हणून सकाळचं वर्तमानपत्र उघडायला हात धजावत नसे. गावागावांत मोटारी येत, कॅमेरे येत, माणसं प्रश्न विचारून निघून जात, आणि गाव अधिकच मुकं होई. अशा दिवसांत एक पोरगी येते, बाभळीला डबा बांधते आणि कानाला काहीतरी लावून बसते, हे कोणाला रुचणार? मी सुटीच्या दिवशी तिच्या सोबतीला जायची. गावाच्या वरच्या अंगाला तो माळ होता. सरकारदप्तरी ई-क्लास, म्हणजे गुरं चारायची सरकारी जमीन; गावाच्या तोंडी नुसता माळ. श्रावणात त्यावर पवन्या नि कुसळी गवत असं दाटायचं की वारा आला की अख्खी टेकडी कूस बदलतेय असं वाटावं. वरून ओसाड दिसणारी ती जागा, पण धाकटीनं हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि मी चकित झाले. चंडोलाची न संपणारी शीळ, लाव्यांची कुजबुज, दूरवर तितराची हाळी, आणि ह्या सगळ्यांखाली किड्यांचा एक अखंड, झिरपता सूर. इतकी वस्ती असलेल्या जागेला आपण मोकळी जागा म्हणतो, ह्याचं मला हसू आलं.

त्या माळावर एक म्हातारी बकऱ्या चारायची. पहिले काही दिवस ती लांबूनच पाहायची. मग एके सकाळी काठी टेकत जवळ आली.

"काहून वं बाई, काय टेप करून राहिली?"

"पाखरांचे आवाज, आजी."

म्हातारी डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माहा पोरगा गेला तवा कोनी आयकाले आलं नाई. आता पाखरं आयकाले येऊन राहिले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागलं. मला वाटलं धाकटी रडेल, नाहीतर समजावू लागेल. तिनं दोन्ही केलं नाही. ती उठली, बाभळीजवळ गेली, डबा उघडून यंत्र बंद केलं आणि परत येऊन म्हातारीशेजारी बांधावर बसली.

"बंद केलं का?" म्हातारीनं विचारलं.

"केलं. हे त्याच्यात भरायचं नाही. तुम्ही सांगा, मी ऐकते."

म्हातारी बोलायला लागली. पोराचं लहानपण, त्याचा तापट स्वभाव, बैलांवरचा त्याचा जीव. मधेच ती बकऱ्यांना हाक मारायची आणि पुन्हा सांगू लागायची. उन्हं चढेपर्यंत धाकटी हलली नाही. त्या सकाळचं मुद्रण तिच्या संशोधनात नाही. पुढे तिला पदवी मिळाली, टाळ्या पडल्या, पण आपल्या बहिणीचा मला खरा अभिमान वाटला तो त्या बांधावर.

त्यानंतर म्हातारीच डब्याची राखण करू लागली. आणि त्याच पावसाळ्यात, एका ओल्या सकाळच्या मुद्रणात, धाकटीला तो आवाज सापडला. आधी बेडकासारखं कोरडं टर्र, आणि त्यालाच चिकटून पंखांची फडफड. तिनं तो तुकडा इतक्यांदा ऐकला की आईनं पाठीत धपाटा घातला. तणमोर होता तो. गवतात लपून राहणारा, आता फार थोडा उरलेला पक्षी. एरवी दिसायचा नाही. पण विणीच्या दिवसांत मादीला दिसावं म्हणून नर गवतावर उंच उडी घेतो, हवेत पंख झटकतो आणि पुन्हा गवतात बुडून जातो. धाकटीच्या यंत्रानं ती उडी ऐकली होती.

नेमकं त्याच सुमाराला माळ दगडाच्या खाणीला द्यायचं घाटू लागलं. गाव हवालदिल झालं; बकऱ्यांना चारा कुठून आणायचा? तालुक्याच्या कचेरीत सुनावणी होती. म्हातारी, गावच्या पाच-सहा बाया आणि धाकटी अशा सगळ्या गेल्या. मी मागच्या खुर्चीवर जीव मुठीत धरून बसले. धाकटीनं आवाज ऐकवला. साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, मला हा बेडूक वाटतो. फोटो आहे का?"

"नाही सर. उद्या सकाळी माझ्यासोबत चला. फोटो नाही, पण पक्षी आहे."

कोणीतरी हसलं. तेव्हा म्हातारी उठून उभी राहिली. "सायेब, माहा पोरगा गेला तवा तुमच्या लोकायनं त्याचा फोटो मांगतला, आमी दाखवला. आता ही पोरगी तुमाले चला म्हनून राहिली, तं तुमी तिच्यासंगं या."

साहेब आले. चिखलात बूट रुतवत, गवतात उकिडवे बसले. बराच वेळ काही झालं नाही. धाकटीचा चेहरा मी पाहत होते. ती समोर बघतच नव्हती, नुसती ऐकत होती. तिनं बोट वर केलं मात्र, आणि गवतातून काळा-पांढरा एक पक्षी उसळला, क्षणभर हवेत थरथरला आणि दिसेनासा झाला. उठताना साहेबांनी गुडघे झटकले आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमचं रेकॉर्डिंग माझ्या अहवालाला जोडा."

खाण दुसरीकडे गेली. माळ गावाकडे राहिला, आणि गावानं आपणहून ठरवलं की पिल्लं मोठी होईस्तोवर, दिवाळी होईपर्यंत, माळावर विळा लावायचा नाही.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. बाबा नाहीत, म्हातारी नाही. धाकटी अकोल्याच्या कॉलेजात शिकवते आणि दर पावसाळ्यात त्या माळावर यंत्र लावते. परवा मी तिच्याकडेच गेले होते. माळावर गेलो तर गवत कंबरेइतकं उभं. धाकटी म्हणाली, "ताई, यंदाही तो आला नाही. मागल्या वर्षीही नव्हता." तिचा आवाज स्थिर होता, पण मी तिची बहीण आहे.

म्हातारीची सून बकऱ्या घेऊन कडेकडेनं चालली होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, पक्षी येत नाही, मग गवत अजून राखता कशाला?

"तो नाई आला तं त्याची मर्जी," ती म्हणाली. "आमी सांगतलं होतं नं, दिवाळीलोक कापत नाई म्हून."

एवढं बोलून ती पुढे गेली. ज्या वर्षांत ह्या मुलखातल्या माणसांना दिलेले कितीतरी शब्द वाऱ्यावर गेले, त्याच वर्षांत इथल्या माणसांनी एका पाखराला शब्द दिला, आणि ते पाखरू यायचं थांबलं तरी तो मोडला नाही. चंडोल वर कुठेतरी गात होता. गवत पिकून सोनेरी झालं होतं, आणि दिवाळीला अजून अवकाश होता.