बिनओठांची भाषा

राठोड बाई स्टाफरूममध्ये दोन बोटांनी ओठ ताणून धरून बोलायच्या. नव्या माणसाला वाटे, बाईंची दाढ दुखत असावी. गोरेगाव नावाच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, आणि त्यांच्या या खोडीला कारण मीच होतो.

मी मराठीचा शिक्षक, भाषाशास्त्र घेऊन एम.ए. केलेला. चोचीच्या माणसांच्या एका अद्भुत देशावर कादंबरी लिहीत होतो. त्यांच्यासाठी भाषाही बनवली होती: ‘पाणी’ला ‘णीपा’, ‘डोंगर’ला ‘रगडों’. मधल्या सुट्टीत मोठ्या हौसेनं वाचून दाखवली. सगळे वाहवा म्हणाले. बाई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, “सर, ही तर आपलीच मराठी उलटी टांगली. अन् चोचीला ओठ कुठं असतात? तुमची पाखरं ‘प’ म्हणून राहिली कशी?”

ओठांनी उच्चारायचे वर्ण मला तोंडपाठ होते. पाखराच्या तोंडाकडे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून बाईंनी ओठ धरले. प, फ, ब, भ, म गेले. मग उ आणि ओ गेले, कारण त्यांनाही ओठ गोल करावे लागतात. “भाषा बनवायच्या आदी तोंड बनवा,” हे त्यांचं पालुपद. एका दुपारी त्या जवळजवळ धावतच आल्या. “सर, ‘आई’ राहते! तिला ओठ लागतच न्हाईत. आमच्या तांड्यावर ‘याडी’ म्हनतात, तीबी राहते. बाप मातर गेला बिचारा!” घरी बंजाऱ्यांची गोरमाटी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, अशा तीन भाषांतून त्या लहानपणापासून ये-जा करत होत्या. चौथी त्यांना काय जड? मी एकाच भाषेची पदवी घेऊन बसलो होतो.

मग त्यांनी व्याकरण रचलं. उडणाऱ्या माणसांना ‘आला’ एवढं पुरत नाही, कुठून आला तेही कळायला हवं. म्हणून वरून आला तर ‘चिनाय’, समोरून ‘चिनास’, खालून ‘चिनाठ’. नववीच्या पोरींनी ते हौसेनं उचललं. एके दिवशी मी जिना चढत होतो, तर वरून आरोळी आली, “सर चिनाठ!” आणि हशा पिकला. माझ्या तासाला या पोरींच्या तोंडून कविता निघत नसे, आणि गणिताच्या बाईंची भाषा त्या खेळत होत्या. अंगाचा तिळपापड झाला. तसाच खाली उतरलो आणि मुख्याध्यापकांना सांगितलं, पोरी अभ्यास सोडून भलतंच बोलताहेत.

दुसऱ्या दिवशी त्या भाषेवर बंदी आली. बाईंनी हुज्जत घातली नाही. शब्दांची दोनशे पानी वही माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, “तुमच्या पाखरांसाठीच केली होती, सर.”

पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली संस्थेच्या कुरुंद्याच्या शाळेत झाली. निरोप समारंभात मी त्यांच्यावर छान बोललो. माझंच ते भाषण मला इतकं टोचत राहिलं, की आठ दिवसांनी फोन केला. “बाई, ती तक्रार मीच केली होती.”

“माहीत हाय. पोरींनी तवाच सांगितलं.”

“मग वही काहून दिली?”

“राग तुमच्यावर होता, सर. पाखरांनी काय केलं होतं?”

आता कादंबरीच्या पहिल्याच पानावर, भाषा कुणाची, ते मी लिहून ठेवलं आहे. लिहिताना शब्द अडला की त्यांनाच फोन करतो. पोळी लाटता लाटता त्या तो सांगतात, आणि बरोबर सांगतात. दर वेळी आत काहीतरी जळतंच. गेल्या आठवड्यात ‘हेवा’ अडला. वहीत त्या अर्थाचा शब्दच नव्हता. विचारलं, तर बाई खूप वेळ हसल्या.

“तेवढा तुमीच बनवा, सर. त्यात तुमचा हात कोनी धरनार न्हाई.”