जपानीच्या बाईंचा चहा

स्वस्थ कसं बसावं हे अख्ख्या पुण्याला शिकवायला निघालेली आणि स्वतः मात्र एका जागी मिनिटभर न टिकणारी बाई मी एकच पाहिली. त्या म्हणजे नारायण पेठेतल्या आमच्या जपानीच्या बाई. सत्तरी उलटली तरी घरचा वर्ग त्या फिरत फिरतच घेत. क्रियापदाचं पहिलं रूप फळ्यापाशी, दुसरं खिडकीत आणि तिसरं थेट स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून. जुनी कविता चालू असताना एका आयटीतल्या मुलाने विचारलं, "मॅम, हे एक्झामला येतं?" "नाही. आणि एक्झाम झाली की तुम्ही येत नाही. म्हणून आत्ताच उरकतेय." फुलांची रचनाही त्या शिकवत. भाचीच्या लग्नात स्टेजवर चढून त्यांनी फुलदाणी उपसायला घेतली. "अहो, काढताय काय?" वरमाय किंचाळल्या. "गर्दी," बाई म्हणाल्या आणि तीन फुलं ठेवून खाली उतरल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या गुरू पुण्यात यायच्या होत्या. तरुणपणी जपानमध्ये बाईंना चहाचा पारंपरिक विधी शिकवणाऱ्या, आता नव्वदीला टेकलेल्या आजी. बाईंनी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. चटई चारदा बदलली, चहाचा वाडगा मला पाचदा धुवायला लावला. गुडघे मुडपून बसायला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. "डॉक्टरांना बोलावलंय कोणी चहाला?" म्हणाल्या.

आजी येऊन खुर्चीवर बसल्या. बाई चटईवर गुडघे मुडपून बसल्या, पाणी ओतलं, चहा फेसाळायची बांबूची इवलीशी रवी उचलली, आणि गुडघ्यातून अशी कळ गेली की रवी हातातून सुटली. बाई पांढऱ्याफटक पडल्या. जपानीत माफी मागायला लागल्या, तर तेही धड जमेना. तेव्हा आजी काठी टेकत खुर्चीवरून उतरल्या, समोर बसल्या, रवी उचलली. चहा घुसळला आणि वाडगा दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला. बाई रडत रडत प्यायल्या. मग दोघींनाही उठता येईना. मी आणि शेजारच्या काकांनी एकेकीला उचललं, तेव्हा दोघी शाळकरी मुलींसारख्या हसत होत्या.

दिवाळीनंतर आजींच्या मुलीचं पत्र आलं. बाईंनी ते वर्गातच उघडलं आणि सवयीने येरझारा घालत, एकेका वाक्याचं व्याकरण सोडवत वाचायला लागल्या. हे आदरार्थी रूप, हा भूतकाळ. शेवटच्या ओळीत आजी गेल्याचं लिहिलं होतं. त्या क्रियापदापाशी बाई थांबल्या.

"हे सोपं आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही बघा."

आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आम्ही वह्या मिटल्या, पण बराच वेळ कोणी उठलं नाही.